व्हीएममध्ये नेट चालतंय पण घरातला मोबाईल व्हीएमपर्यंत पोचत नाही, तर नेमकं अडलंय कुठं हे कसं शोधायचं

सांगलीतल्या गावभागातून एका मुलाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, हा त्यांच्यासाठी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, करायचं छोटं सॉफ्टवेअर जँगोमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) लिहितोय. लॅपटॉपवर विंडोज ११, त्यात व्हर्च्युअल बॉक्स, आणि आत उबुंटू सर्व्हर या लिनक्सची व्हीएम, म्हणजे लॅपटॉपच्या पोटातला सॉफ्टवेअरनं बनवलेला दुसरा कॉम्प्युटर. व्हीएममधून इंटरनेट झकास चालतं, अपडेट उतरतात, राउटरला पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातं, पण वडिलांच्या मोबाईलवरून किंवा बहिणीच्या लॅपटॉपवरून व्हीएमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला की नुसतं गोल फिरत राहतं. फायरवॉल बंद करून झाली, व्हीएम दोनदा नव्यानं टाकून झाली, आता कुणीतरी सांगितलंय की राउटर बदल.

भावा, राउटर बदलू नको. आणि व्हीएम परत टाकायची पण काही गरज नाही, कारण पुन्हा टाकली तरी ती त्याच सेटिंगवर येणार आणि तोच घोळ परत होणार. या कामात एकच गोष्ट धरून चालायचं, पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) कुठपर्यंत जिवंत पोचतंय ते आधी बघायचं आणि मग त्याच जागेवर हात घालायचा. लोक उलटं करतात, दिसेल ते सेटिंग बदलत सुटतात, आणि तासाभरानं मूळ अडचण कुठली आणि आपण नवीन केलेली कुठली हेच कळेनासं होतं.

तर सगळ्यात आधी व्हीएममध्ये 'आयपी ए' ही कमांड मार आणि आकडा नीट वाच, माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केसचं उत्तर त्या एका ओळीत असतं. तू आयपी दिलेला नाहीस पण तू जे लिहिलंयस त्यावरून मी पैज लावून सांगतो की तिथं १०.०.२.१५ दिसत असणार. व्हर्च्युअल बॉक्सनं नवीन व्हीएम केली की तिचं नेटवर्क आपोआप नॅटवर असतं आणि नॅटमध्ये प्रत्येक व्हीएमला हाच पत्ता मिळतो, गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२ आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) १०.०.२.३. हा पत्ता तुझ्या घरच्या नेटवर्कमधला नाहीच. तुझ्या राउटरला, मोबाईलला, बहिणीच्या लॅपटॉपला १०.०.२.१५ नावाचं कुणी घरात आहे हे ठाऊकच नाही, तुझ्या लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल बॉक्सनं उभं केलेलं ते वेगळंच नेटवर्क आहे.

मग इंटरनेट कसं चालतं, राउटरला पिंग कसं जातं? तुझ्या घरात अडतीचं दुकान आहे म्हणून त्यातलंच उदाहरण देतो. शेतकऱ्याची हळद अडत्याच्या मार्फत विकली जाते, खरेदीदाराचा व्यवहार अडत्याशी, पैसे अडत्याकडे येतात आणि अडत्या वहीत बघून ज्याचे त्याला देतो. नॅट हेच करतं. व्हीएमचं प्रत्येक पॅकेट लॅपटॉपच्या नावानं बाहेर जातं, उत्तर लॅपटॉपला येतं, लॅपटॉप आपल्या नोंदीत बघून ते व्हीएमला देतो. पण बाहेरचा माणूस स्वतःहून त्या शेतकऱ्याला शोधायला निघाला तर त्याच्याकडे ना नाव ना गाव. म्हणून आतून बाहेर सगळं चालतं आणि बाहेरून आत काहीच चालत नाही, आणि माणसाला वाटतं की नेटवर्क तर व्यवस्थित आहे मग फायरवॉलच असणार. इथं फायरवॉलचा काही संबंध नाही.

यावर दोन रस्ते आहेत. पहिला, नॅटच ठेवायचं आणि पोर्ट फॉरवर्डिंग करायचं, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेलं पॅकेट व्हीएमकडे वळवायचं. व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, पोर्ट फॉरवर्डिंग (जुन्या व्हर्च्युअल बॉक्समध्ये हे ॲडव्हान्स्डखाली असायचं), तिथं होस्ट (लॅपटॉप) पोर्ट ८००० आणि गेस्ट (व्हीएम) पोर्ट ८००० असा नियम टाक. होस्ट आयपीचा रकाना रिकामा सोड, तिथं १२७.०.०.१ टाकलंस तर फक्त तुझ्याच लॅपटॉपवरून उघडेल, मोबाईलवरून नाही, आणि ही चूक फार जण करतात कारण बऱ्याच व्हिडिओत तसंच दाखवलेलं असतं. मग मोबाईलवर व्हीएमचा नाही तर लॅपटॉपचा आयपी टाकायचा, म्हणजे समज १९२.१६८.१.७ आणि पुढं कोलन देऊन ८०००. आता या रस्त्यात मात्र विंडोजची फायरवॉल मध्ये येते, कारण त्या पोर्टवर कान देऊन बसलेला प्रोग्रॅम खुद्द व्हर्च्युअल बॉक्सचा असतो आणि तो विंडोजवर चालतो. पहिल्यांदा परवानगी विचारणारी खिडकी आली होती का, आणि तू ती घाईत कॅन्सल केली होतीस का ते आठव. आणि घरचं वायफाय विंडोजमध्ये पब्लिक म्हणून लागलेलं असेल तर ते प्रायव्हेट कर, पब्लिकवर विंडोज बाहेरून येणाऱ्यांना जवळपास दारातच उभं करत नाही. फायरवॉल अख्खी बंद करून ठेवली असशील तर आता परत चालू कर, लागेल तो एक प्रोग्रॅम आत सोडायचा, दार सताड उघडं टाकायचं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ब्रिज्ड ॲडॅप्टर, आणि तुझ्या कामाला मी हाच सांगेन कारण उद्या तुला एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून व्हीएममध्ये शिरून काम करणं) पाहिजे, डेटाबेस पाहिजे, बॅकअप पाहिजे, प्रत्येकासाठी वेगळा फॉरवर्डिंगचा नियम लिहीत बसायचं त्रासाचं आहे. ब्रिज्डमध्ये व्हीएम घरातल्या नेटवर्कवर स्वतंत्र मशीन म्हणून उभी राहते, तिला राउटरच पत्ता देतो, १९२.१६८.१ मधलाच. आणि ब्रिज्डची वाहतूक विंडोजच्या फायरवॉलच्या खालूनच वळवली जाते, त्यामुळं या रस्त्यावर विंडोजची फायरवॉल चालू आहे का बंद यानं व्हीएमला काहीच फरक पडत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते विंडोजच्या फायरवॉलशी झटत बसतात. इथं बघायची ती उबुंटूच्या आतली फायरवॉल.

ब्रिज्ड निवडलं की खाली 'नेम' नावाचा एक रकाना येतो, त्यात कुठलं कार्ड ब्रिज करायचं ते सांगायचं असतं. तिथं लक्ष दे. लॅपटॉपला केबलचं कार्ड, वायफायचं कार्ड, कधी व्हीपीएनचं खोटं कार्ड, कधी ब्लूटूथचं, सगळी असतात आणि व्हर्च्युअल बॉक्स आपल्या मनानं भलतंच निवडून मोकळा होतो. केबल लावलेलीच नाही आणि ब्रिज केबलच्या कार्डावर, अशी केस मी मिरजेत, कुपवाडला, सगळीकडं बघितलीय. अशा वेळी व्हीएममध्ये 'आयपी ए' मारलं तर एकतर आयपीची ओळच दिसत नाही, नाहीतर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसतो. उबुंटू सर्व्हरवर सहसा काहीच दिसत नाही, विंडोजची व्हीएम असेल तर १६९.२५४ दिसतो. दोन्हीचा अर्थ एकच, व्हीएमनं पत्ता मागितला आणि राउटरपर्यंत तिची हाक पोचली नाही. आणि निवडायला यादीत एकही कार्ड येत नसेल तर विंडोजमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथं व्हर्च्युअल बॉक्सचा ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हर नावाची ओळ असते, तिच्यापुढची टिक आहे का बघ. ओळच नसेल तर व्हर्च्युअल बॉक्सचं सेटअप परत चालवून रिपेअर कर.

आता वायफायचं थोडं सविस्तर सांगतो कारण तुझ्या घरात केबल कुणी वापरत नसणार. वायफायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरचा वायफाय देणारा भाग, ज्या कार्डानं पासवर्ड देऊन हात मिळवलाय त्याच मॅक पत्त्याची (मॅक म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख) पॅकेट घेतो. व्हीएमचा मॅक वेगळा असतो, व्हर्च्युअल बॉक्समध्ये तो ०८:००:२७ नं सुरू होतो, आणि असं पॅकेट वायफायवर सरळ टाकलं तर ॲक्सेस पॉइंट ते फेकून देतो. म्हणून व्हर्च्युअल बॉक्स मधल्यामध्ये एक खटपट करतो, बाहेर जाताना व्हीएमचा मॅक काढून तिथं लॅपटॉपचा मॅक लावतो, आणि उत्तर आलं की आयपी बघून ओळखतो की हे व्हीएमचं. बहुतेक राउटरवर हे चालून जातं. पण काही राउटर एकाच मॅकवर दोन आयपी बघून गडबडतात, काही मुद्दाम अडवतात, आणि मग अर्धा दिवस चालतं अर्धा दिवस नाही असं होतं. तुझ्याकडं खात्री करायची सोपी युक्ती आहे. पंधरा मिनिटांसाठी लॅपटॉप राउटरजवळ ने, केबल लाव, ब्रिज केबलच्या कार्डावर कर. केबलवर चाललं आणि वायफायवर नाही चाललं तर तुझी व्हीएम निर्दोष आहे, अडचण वायफायच्या ब्रिजची आहे, आणि तिथं मी तरी कायमची केबल ओढायला सांगतो नाहीतर वर सांगितलेलं पोर्ट फॉरवर्डिंग.

गावभागातल्या जुन्या घरांची अजून एक गोष्ट. भिंती दोन दोन फुटांच्या, खाली राउटर असला की माडीवर वायफाय येत नाही, म्हणून माणसं दुसरा राउटर आणून वर लावतात. हा दुसरा राउटर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात केबल घालून लावलेला असेल तर तुझ्या घरात दोन वेगळी नेटवर्क झालेली आहेत. खालच्यावर १९२.१६८.१ चे पत्ते, वरच्यावर १९२.१६८.० चे. लॅपटॉप घेऊन तू माडीवर बसलास आणि वडील खाली सोप्यात मोबाईल घेऊन बसले, तर मोबाईलकडून व्हीएमकडे जाणारी वाट वरच्या राउटरच्या नॅटनं बंद केलेली असते. तू माडीवरून खालच्या यंत्रांना पिंग करू शकतोस, खालून वर कुणी येऊ शकत नाही, म्हणजे व्हीएमच्या नॅटसारखंच लक्षण, फक्त जागा वेगळी. त्यामुळं लॅपटॉपचा आयपी, मोबाईलचा आयपी आणि व्हीएमचा आयपी हे तिन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहून बघ. पहिले तीन आकडे तिन्हीत सारखे पाहिजेत. नसतील तर दुसऱ्या राउटरची केबल वॅनमधून काढून लॅन (घराच्या बाजूच्या) पोर्टात घाल, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद कर आणि त्याला स्वतःला पहिल्या राउटरच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता दे, किंवा त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लाव, मग अख्ख्या घराचं नेटवर्क एकच होतं. त्याच सपाट्यात हेही बघ की मोबाईल गेस्ट वायफायवर तर नाही, आणि राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचं बटण चालू तर नाही. ते चालू असलं की वायफायवरची यंत्रं इंटरनेट बघतात पण एकमेकांना बघत नाहीत. मोबाईलचा डेटा बंद करून टेस्ट कर, पुष्कळ मोबाईल हळूच डेटावर सरकतात आणि मग घरातला पत्ता त्यांना कसा सापडणार.

इतकं झालं आणि आयपी एकाच मालिकेतले आले, तरी उघडत नसेल तर मग पॅकेटचा माग काढायचा. बहिणीच्या लॅपटॉपवरून व्हीएमला पिंग कर आणि काय उत्तर येतं ते शब्द न शब्द वाच. उलटं करू नको, म्हणजे व्हीएममधून विंडोजला पिंग करून ठरवू नको, कारण पब्लिक नेटवर्कवर विंडोज बाहेरच्या पिंगला उत्तर देत नाही आणि तुला उगीच वाटेल की तुटलंय. उबुंटू मात्र सहसा देतो. आता विंडोजवर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि ते उत्तर देणारा आयपी बहिणीच्याच लॅपटॉपचा असला, तर याचा अर्थ त्यानं गल्लीत हाक मारली, १९२.१६८.१.२० कोण आहे, आणि कुणी ओ दिली नाही. व्हीएम त्या नेटवर्कवर नाहीच, परत ब्रिज बघ. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर 'एआरपी -ए' मारून त्या आयपीपुढं मॅक दिसतोय का बघ. मॅक दिसला म्हणजे व्हीएम सापडली आहे पण बोलत नाही, आतली फायरवॉल किंवा परतीचा रस्ता बिघडलाय. केबलवर तिथं ०८:००:२७ वाला मॅक दिसेल, वायफाय ब्रिजवर तुझ्या लॅपटॉपचाच मॅक दिसेल, ते बघून घाबरू नको, वर सांगितलं तेच कारण.

याहून पक्कं पाहिजे असेल तर व्हीएममध्ये टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) चालव, सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं), इंटरफेस ईएनपी०एस३ (व्हीएमचं पहिलं नेटवर्क कार्ड) दे आणि पोर्ट ८००० एवढीच गाळणी लाव. स्क्रीन रिकामी राहील. आता मोबाईलवर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून जा म्हण आणि स्क्रीनकडं बघत राहा. काहीच हललं नाही, तर पॅकेट व्हीएमच्या दारापर्यंतच आलं नाही, आत काहीही बदलून उपयोग नाही, बाहेर शोध. मोबाईलच्या आयपीवरून एक ओळ आली ज्यात चौकटी कंसात एस हे अक्षर (जोडणीची विनंती) आहे, आणि तीच ओळ एक सेकंदानं, मग दोन सेकंदांनी परत परत येतेय पण तुझ्याकडून उत्तराची ओळ नाही, तर उबुंटूची फायरवॉल गिळतेय. 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' बघ आणि ८००० टीसीपी अलाउ कर. एस आल्यावर लगेच तुझ्याकडून आर अक्षराची (नकाराची) ओळ गेली, आणि मोबाईलवर गोल न फिरता झटकन कनेक्शन रिफ्यूज्ड आलं, तर नेटवर्क पूर्ण ठीक आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. गोल फिरणं आणि झटकन नकार येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, मदत मागताना नेहमी सांग की यातलं काय झालं.

आणि तुझ्या बाबतीत नेटवर्क सुधारल्यावर हीच पुढची पायरी येणार हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण तू जँगो वापरतोस. रनसर्व्हर (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) नुसतं चालवलं की तो १२७.०.०.१ वर बसतो, म्हणजे व्हीएमच्या आतल्या आतच बोलतो. 'एसएस -टीएलएनपी' मार (कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते ही कमांड दाखवते), ८००० च्या ओळीत १२७.०.०.१ दिसलं तर बाहेरून कुणालाच उघडणार नाही. रनसर्व्हरपुढं ०.०.०.०:८००० असं लिहून चालव. मग उघडेल पण चारशेची एरर येईल, डिसअलाउड होस्ट म्हणून. ती चांगली खूण आहे, पॅकेट आत पोचून जँगोनं वाचलं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये अलाउड होस्ट्समध्ये मोबाईलवर जो आयपी टाकतोस तो लिही, ब्रिज्डवर व्हीएमचा, पोर्ट फॉरवर्डिंगवर लॅपटॉपचा. मोबाईलवर पत्ता टाकताना सुरुवातीला एचटीटीपी हाताने लिही, काही ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएस लावतात आणि रनसर्व्हरला ते कळत नाही.

काही जण नॅट पण ठेवतात आणि दुसरं ॲडॅप्टर होस्ट ओन्ली म्हणून जोडतात. होस्ट ओन्ली म्हणजे फक्त लॅपटॉप आणि व्हीएम यांच्यातलं खाजगी नेटवर्क, साधारण १९२.१६८.५६ ची मालिका, लॅपटॉपचा पत्ता ५६.१. डेव्हलपमेंटला फार सोयीचं, वायफाय असो नसो व्हीएमचा पत्ता हलत नाही, मी स्वतः असंच ठेवतो. पण मोबाईल इथंही पोचणार नाही हे ध्यानात ठेव. आणि उबुंटू सर्व्हर टाकून झाल्यावर दुसरं ॲडॅप्टर जोडलंस तर ईएनपी०एस८ दिसेल पण डाउन असेल, आयपी नसेल, कारण नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये फक्त पहिल्या कार्डाचं नाव लिहिलेलं असतं. तिथं ईएनपी०एस८ ला डीएचसीपी चालू म्हणून लिहायचं, जागा सोडताना टॅब नाही स्पेस वापरायची, आणि नेटप्लॅन अप्लाय.

क्लोनबद्दल एक सांगतो, कारण तू दोनदा टाकलीस म्हणजे जुनीची कॉपीही केली असशील. कुपवाडच्या एका कारखान्यात दोन व्हीएम होत्या, एक चालू केली की दुसरी नेटवर्कवरून गायब व्हायची. क्लोन करताना मॅक नवीन घेतलेला होता तरी दोघींना राउटर एकच आयपी देत होता. कारण उबुंटू सर्व्हर पत्ता मागताना मॅक नाही तर ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलवरून बनवलेली ओळख सांगतो, आणि क्लोनमध्ये ती फाइल जशीच्या तशी उतरते. फाइल रिकामी करून, डिलीट नाही बरं का, रिकामी करून, रीस्टार्ट केलं की नवीन बनते. किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी आयडेंटिफायर मॅक असा लिही.

व्हर्च्युअल बॉक्सऐवजी व्हीएमवेअर हे साधन वापरणाऱ्यांनी ब्रिज्ड ऑटोमॅटिकवर न ठेवता कार्ड नेमून द्यावं. हायपर-व्ही या विंडोजच्याच व्हीएम साधनातला डिफॉल्ट स्विच हा नॅटच आहे आणि रीस्टार्टनंतर त्याची मालिका बदलते, तिथं एक्स्टर्नल स्विच बनवायचा. लिनक्सवर केव्हीएम (लिनक्समधलं व्हीएम चालवायचं साधन) असेल तर १९२.१६८.१२२ दिसलं की समजायचं नॅटवर आहोत, आणि वायफायचं कार्ड लिनक्सच्या साध्या ब्रिजमध्ये सहसा जात नाही. मॅकव्हीटॅप (साध्या ब्रिजऐवजीची जोडणी) लावलं तर सगळ्या घराला व्हीएम दिसते आणि खुद्द त्या होस्टलाच दिसत नाही, ते तसंच असतं, बिघाड नाही.

चालू झालं की राउटरमध्ये जाऊन व्हीएमच्या मॅकवर पत्ता राखून ठेव, ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणून पान असतं. लाईट गेली, राउटर बंद चालू झाला, की पत्ता बदलू शकतो आणि वडिलांच्या मोबाईलवर जतन केलेली लिंक फुकट जाते. व्हीएमच्या आत हातानं स्थिर आयपी लिहिणार असशील तर तो राउटर वाटतो त्या मालिकेच्या बाहेरचा घे, नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या मोबाईलला तोच आयपी मिळतो आणि दोघांचं भांडण लागतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की स्लीप होतो आणि व्हीएमही झोपते, पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर काही करू नको असं ठेव, निदान चार्जर लावलेला असताना तरी. राउटरवरून इंटरनेटच्या बाजूनं पोर्ट ८००० मात्र उघडू नकोस, रनसर्व्हर बाहेरच्या जगाला दाखवायसाठी बनलेला नाही आणि त्यात शेतकऱ्यांचे हिशोब आहेत. दुकानातून घरची व्हीएम बघायची असेल तर व्हीपीएन लावायचा, ते कसं ते वेगळं विचार, सांगेन.

एवढं करूनही अडलंच तर चार गोष्टी पाठव: व्हीएममधलं 'आयपी ए' आणि 'आयपी राउट', विंडोजमधलं 'आयपीकॉन्फिग', 'एसएस -टीएलएनपी'ची ८००० वाली ओळ, आणि मोबाईलवर गोल फिरलं का झटकन नकार आला ते. त्यातले मॅक खोडलेस तरी चालतील, १९२.१६८ चे आयपी खोडू नकोस, ते घरातले पत्ते आहेत, बाहेर सांगून काही बिघडत नाही आणि ते खोडले तर मला काहीच बघता येणार नाही.